मधला टाका

४ फेब्रुवारी

काकूचा कॉम्प्युटर गेला, डिस्कसकट. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आतली धूळ फुंकली आणि "याला आता निरोप द्या" एवढेच म्हणाला. काकूच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर आहेत, त्यामुळे नुकसान नाही. नवा कॉम्प्युटर मी निवडला आणि आजच जोडून दिला.

मी इथे थोड्या दिवसांसाठी आले आहे. नोकरी सोडली आहे; कारण लिहायची गरज नाही. कामाची नोंद ठेवायची सवय मात्र सुटलेली नाही, आणि इथे दुसरे काही काम नसल्यामुळे काकूचेच लिहिते.

काकूचे विणकाम केंद्र म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या, सहा खुर्च्या, लोकरीचे एक कपाट आणि सहा बायका. वीण काकू बसवते, म्हणजे कोणत्या ओळीत कोणता टाका घ्यायचा याचा चौकटींचा नकाशा कॉम्प्युटरवर तयार करते. तो छापून समोर ठेवायचा आणि विणत जायचे. एका मोठ्या दुकानाने मार्चच्या मध्यापर्यंत पानांच्या नव्या विणीचे नमुने मागितले आहेत. पसंत पडले तर सहाही जणींना वर्षभर काम आहे. नकाशे बसवणारी दुसरी कोणी नाही.

५ फेब्रुवारी

नुकसान आहे.

फाइली उघडतात, पण चौकटींच्या जागी इंग्रजी अक्षरांच्या रांगा दिसतात. कारण सोपे आहे. काकू पत्र लिहायच्या साध्या सॉफ्टवेअरमध्येच नकाशे करते, आणि त्यासाठी तिने टाक्यांचा एक खास फॉन्ट वापरला आहे. एक कळ दाबली की कोरी चौकट, म्हणजे सुलट टाका. दुसरी दाबली की ठिपक्याची चौकट, म्हणजे उलट. गोल म्हणजे जाळी, तिरकी रेघ म्हणजे दोन टाके एकत्र. फाइलमध्ये साठते ते फक्त अक्षर आणि फॉन्टचे नाव. चौकटीचे चित्र फॉन्टमध्ये असते, आणि फॉन्ट त्या मेलेल्या डिस्कवर होता. सॉफ्टवेअरला तो सापडला नाही, तेव्हा त्याने हाताशी असलेला दुसरा लावून दिला, कोणाला काही न सांगता. वरच्या पट्टीत फॉन्टचे नाव तिरके दिसते, तेवढीच खूण.

"माझी पानं कुठे गेली?" काकूने विचारले.

"आहेत. दिसत नाहीत इतकंच."

"दिसत नाही ते असून काय करायचंय, मोजपट्टी?"

मोजपट्टी हे तिने मला ठेवलेले नाव. मला ते आवडत नाही हे तिला ठाऊक आहे.

ज्या कंपनीने हा फॉन्ट विकला होता ती बंद पडली आहे. सीडी काकूने "जपून" ठेवली होती. काकूने जपून ठेवलेली वस्तू आजवर कोणाला सापडलेली नाही.

६ फेब्रुवारी

टाक्यांचा दुसरा एक फॉन्ट मिळाला. सॉफ्टवेअरमध्ये बदलीचा तक्ता असतो: अमुक फॉन्ट मागितला आणि तो नसला तर तमुक वापर. तो भरला. पडद्यावर चौकटी आल्या. काकू खूश.

७ फेब्रुवारी

पडद्यावर आल्या, छापताना नाही. तक्त्यात "फक्त पडद्यासाठी" या चौकटीवर खूण राहून गेली होती. मला कळायच्या आत छापील कागद मास्तरीणबाईंच्या हातात पडला. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. आता बायकांचे विणकाम त्याच बघतात आणि अजूनही सगळ्यांना वर्गात बसल्यासारखेच बोलतात.

"वहिनी," कागद वर धरून त्या म्हणाल्या, "हे विणायचं आहे की सगळ्यांनी मिळून पाठ करायचं?"

"विचारा आमच्या इंजिनिअरला."

"विचारते की. काय गं, यात 'पी' आलं की सुई खाली ठेवून पाणी प्यायचं का?"

सगळ्या हसल्या. चूक माझीच होती. खूण काढली, पुन्हा छापले. तेव्हा दुसरी अडचण कळली: या फॉन्टमध्ये जाळीच्या कळीवर वेणीचा टाका आहे. म्हणजे कागद दिसायला स्वच्छ आणि पूर्ण चुकीचा. आधीपेक्षा हे वाईट. अक्षरे दिसली तर निदान चुकले आहे हे कळते.

९ फेब्रुवारी

निर्णय: फॉन्ट मीच तयार करणार. जुन्या काळी छापलेला पानांच्या विणीचा एक नकाशा पुढच्या खोलीत भिंतीला लावलेला आहे. त्यावरून प्रत्येक खूण मोजून काढता येईल. रुंदी सगळ्यांची सारखी हवी. एका खुणेत केसभर फरक पडला तरी ओळीच्या टोकाला नकाशा सरकतो.

काकूला सांगितले. ती म्हणाली, "तुला यातलं येतं?"

"शिकेन."

"तुझे काकाही असंच म्हणायचे. म्हणून तर ही खिडकी आजवर लागत नाही."

१४ फेब्रुवारी

पहिली आवृत्ती बसवली. जुन्याच नावाने, म्हणजे जुन्या फाइली तिला आपसूक ओळखतात. सगळ्या उघडून पाहिल्या. नाव आता सरळ दिसते. शिवाय फॉन्ट फाइलमध्येच सोबत साठवण्याची सोय चालू करून ठेवली. यापुढे फाइल कुठेही उघडली तरी चौकटी दिसतील.

काकूने पानांची वीण उघडली आणि बराच वेळ बघत बसली. मग चहा करायला उठली. म्हणजे पसंत असावे.

१६ फेब्रुवारी

पहिली तक्रार. काकू म्हणते, ओळी वाकतात.

"कुठे?"

"ह्या इथे. पोट आल्यासारखं दिसतं."

मोजून पाहिले. ओळी सरळ आहेत. पडद्याचा आकार आणि चित्राचा आकार जुळत नसेल तर रेघा अशा दिसू शकतात. पडद्याची मांडणी बदलली, रेघा थोड्या जाड केल्या. दुसरी आवृत्ती बसवली.

"आता?"

"आता जाड पोट."

१८ फेब्रुवारी

नवी तक्रार, पहिलीपेक्षा गंभीर: मधला टाका गायब आहे.

काकूच्या म्हणण्याप्रमाणे, पानाच्या मधोमध जी शीर जाते तिथला टाका दिसत नाही, तिथे करडा डाग दिसतो. एखाद्या खुणेचे चित्र फॉन्टमध्ये नसेल तर असे होते हे खरे. पण शिरेचा टाका म्हणजे साधा सुलट टाका, आणि तोच बाकी सगळीकडे दिसतो. तीच कळ, तेच चित्र. एके ठिकाणी दिसेल आणि दुसऱ्या ठिकाणी दिसणार नाही, हे शक्य नाही.

तिला तसे सांगितले.

"मग मी काय खोटं बोलते?"

"खोटं नाही. पण हे होऊ शकत नाही."

"बरं," ती म्हणाली.

२० फेब्रुवारी

छापून पाहिले. शीर पूर्ण आहे. काकूला कागद दाखवला. तिने तो लांब धरला, जवळ धरला, मान वाकडी करून बघितला. म्हणाली, "यातही नाही. शाई कमी आहे का?" शाईची नवी नळकांडी आणून बसवली. फरक नाही. कागद जाड आणला. फरक नाही.

माझ्या मते तिला जुन्या फॉन्टची इतकी सवय आहे की नवे काहीही खटकणारच. वापरणारा माणूस आपल्याला काय खटकते ते नीट सांगू शकत नाही, आणि मग सापडेल त्या गोष्टीवर बोट ठेवतो. नोकरीत हे पुष्कळ पाहिले आहे.

२१ फेब्रुवारी

वाद मिटवायचा म्हणून मास्तरीणबाईंना त्या कागदावरून एक छोटा तुकडा विणायला दिला. दुपारपर्यंत विणून झाला. पाने बरोबर, शीर बरोबर. तुकडा काकूच्या हातात दिला. तिने त्यावरून बोटे फिरवली, शिरेवरून खाली आली.

"आहे," ती म्हणाली.

"म्हणजे नकाशात टाका आहे. नसता तर यात कुठून आला असता?"

"असेल बाई. माझंच चुकलं."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "वहिनी, उगाच पोरीला राबवता. तिसऱ्यांदा फॉन्ट केला तिने."

दोनदाच केला आहे.

२३ फेब्रुवारी

तक्रार नाही. प्रश्न सुटला असे धरते.

दुकानासाठीची नवी वीण काकूने अजून पुरी केलेली नाही. विचारले तर म्हणते, डोक्यात आहे, बोटांत उतरली की कागदावर उतरेल. आज कॉम्प्युटरसमोर बसली होती, पण मी आत गेले तेव्हा पडदा नुसता चालू होता आणि ती हातातल्या सुयांवर काहीतरी विणत होती.

२५ फेब्रुवारी

काकू रागावली आहे. बोलताना माझ्याकडे बघत नाही, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघते. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानासमोर मी समोरून येत होते तर ओळख न देता निघून गेली. हाक मारली तेव्हा थांबली. म्हणाली, "तू होय! तोंड वर करून चालत जा की जरा." मी तोंड वर करूनच चालत होते.

कारण विचारलेले नाही. राग उतरायचा तेव्हा उतरतो.

२६ फेब्रुवारी

बाबांचा फोन. काकूने त्यांना लावलेला फोन दोनदा भलत्याच माणसाला लागला म्हणे. तिने मोबाइल बदलला का, असे विचारत होते. म्हटले, जुनाच आहे.

"आणि तू कधी येणार?"

"काम संपलं की."

"फॉन्टचं काम अजून चाललंय?"

"तो झाला. काकूला नवी वीण बसवायची आहे, ती अडली आहे."

"वहिनीची वीण अडली?" बाबा म्हणाले. "ती तर भाजी निवडता निवडता वीण बसवायची."

२८ फेब्रुवारी

काकूचा पेला भरून चहा बशीत आला आणि बशीतून टेबलावर. ती ओततच होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, "वहिनींचं लक्ष दुकानाच्या नमुन्यात अडकलंय." खरे असेल. दिवस थोडे उरले आहेत.

मास्तरीणबाईंनी आणखी एक सांगितले: गेले काही दिवस काकू त्यांच्याकडून नकाशा मोठ्याने वाचून घेते. चष्मा वर राहिला म्हणते. चष्मा तेव्हा तिच्या नाकावर असतो.

यावरून मला वाटते, काकूला माझ्यासमोर तक्रार करायची नाही, पण नकाशा तिला अजून पटलेला नाही. उद्या शेवटची तपासणी करते. भिंतीवरचा जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवून तिलाच फरक दाखवायला सांगते. फरक दिसला तर तिसरी आवृत्ती.

१ मार्च

सकाळी बायका यायच्या आधी दोन्ही कागद टेबलावर मांडले. जुना डावीकडे, नवा उजवीकडे. काकूला बसवले.

"नव्यात शीर दिसते?"

"नाही."

"जुन्यात?"

ती वाकली. मग हसली. "अगं, यालाही तुझ्या कॉम्प्युटरची लागण झाली. यातलीही गेली."

मी म्हटले, नीट बघ.

"बघते आहे ना! इथे बघितलं की इथली जाते. तिथे बघितलं की तिथली. जिथे बघावं तिथलंच पान पोखरलेलं."

मी जुना कागद हातात घेतला. तो मी इथे येण्याच्या पुष्कळ आधी छापलेला आहे. त्याच्यावर शाई आहे, बाकी काही नाही. कागदाला फॉन्ट लागत नाही.

मी तिला डावा डोळा झाकायला सांगितला. उजवा लहानपणापासून कमजोर आहे, त्याने तिला सगळे धूसर दिसते; पण धूसर असले तरी सलग. मग उजवा झाकायला सांगितला आणि तिच्यासमोर बसले.

"माझ्याकडे बघ. काय दिसतं?"

तिने चष्मा सारखा केला.

"कान दिसतात," ती म्हणाली. "केस दिसतात. तोंड नाही दिसत तुझं."

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. लगेच या म्हणाले.

१ मार्च, संध्याकाळ

डॉक्टरबाई तरुण आहेत, भरभर बोलतात. त्यांनी काकूला एक कागद दिला: चौकटीच चौकटी आणि मध्ये एक ठिपका. ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात ते सांगा.

काकूने कागद हातात घेतला. "हे कोणाचं विणायचं? सगळे टाके सुलट आणि एकच उलट."

"रेघा कशा दिसतात, आजी?"

"मध्यभागी वाकतात. आणि ठिपका म्हणता तो कुठे आहे?"

डोळ्याच्या आत पडदा असतो. काकूच्या डाव्या डोळ्यात त्या पडद्याच्या बरोबर मधोमध बारीक रक्तवाहिन्यांतून गळती होते आहे. वय झाले की काही जणांना होते. डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतात, महिन्याला एक, पुढे किती ते बघून ठरवायचे. जितके लवकर तितके बरे.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"कॉम्प्युटर बदलला तेव्हापासून," काकू म्हणाली. तिला खरोखरच तसे वाटत होते.

तारीख मी सांगितली. मला ती पाठ होती. त्या दिवशी मी दुसरी आवृत्ती बसवली होती.

"तेव्हाच का नाही आलात?"

काकू म्हणाली, "तेव्हा आम्ही शाई बदलत होतो."

डॉक्टरबाईंना ते कळले नाही. मी समजावून सांगितले नाही.

२ मार्च

पहिले इंजेक्शन दिले. काकू घाबरली होती. तिने माझे मनगट धरले होते, अजून तिथे वळ आहे.

घरी आल्यावर डोळ्यावर पट्टी घेऊन पडून होती. म्हणाली, "तुला सांगायचं टाळलं नाही हं मी. तू म्हणालीस होऊ शकत नाही. मला वाटलं, शिकलेली आहेस, तुला ठाऊक."

मी तिला पुरावा दाखवला होता. कागद दाखवला, विणलेला तुकडा दाखवला. पुरावा बरोबर होता. फॉन्टमध्ये दोष नव्हता हे त्यातून सिद्ध झाले, आणि मी तिथेच थांबले. टाका कागदावर आहे आणि तिला दिसत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर पुढचा प्रश्न कोणता, हे विचारायला शिक्षण लागत नाही.

तिला एवढेच म्हटले, "झोप आता."

८ मार्च

नवी वीण बसवतो आहोत. काकू खाटेवर बसून सांगते, मी कळा दाबते.

"तीन सुलट, जाळी, एक सुलट, जाळी. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

मी वाचते. ती सुयांवर विणून बघते, बोटांनी चाचपते, बरोबर असेल तर पुढे जाते. तिची ओळ तयार असते. माझ्या बोटांपायी थांबावे लागते. मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या, "इंजिनिअरला नोकरी मिळाली वाटतं."

"कच्ची आहे," काकू म्हणाली. "पण अक्षर चांगलं आहे."

१५ मार्च

नमुने दुकानात पोचले.

३० मार्च

दुसरे इंजेक्शन. गळती कमी झाली आहे. रेघा सरळ होत आहेत. मधला डाग लहान झाला, पण पूर्ण जाणार नाही, असे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले. काही दिवस आधी आलो असतो तर तोही राहिला नसता का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. हे उत्तर त्यांनी मला बरे वाटावे म्हणून दिले की ते खरेच तसे आहे, हे ठरवता आलेले नाही.

चौकटींचा तो कागद घरी दिला आहे. रोज सकाळी उजवा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचे. रेघ नव्याने वाकली तर कळवायचे.

३ एप्रिल

दुकानाला नमुने पसंत पडले. बायकांनी सुया टेबलावर वाजवल्या. फॉन्टची तिसरी आवृत्ती केली: चौकटी मोठ्या, खुणा ठळक. काकूला त्यातली एक ओळ मान तिरकी करून वाचता आली. एका ओळीला बराच वेळ लागला. तिने दुसरीही वाचली.

बाबांना कळवले की मी सध्या इथेच आहे.

९ एप्रिल

सकाळी काकू चौकटींचा कागद घेऊन खिडकीशी बसली होती. मी बायकांसाठी नकाशे छापत होते. ती म्हणाली, "मोजपट्टी, खालची एक रेघ वाकली आहे. काल नव्हती."

मी छपाई थांबवली आणि दवाखान्यात फोन लावला.

मास्तरीणबाई लोकरीचा गुंडा करत होत्या. म्हणाल्या, "अगं, आधी नीट बघू तरी दे त्यांना. झोप नसेल झाली. कागद चुरगळला असेल. एकदम दवाखाना कसला?"

"कागद चुरगळलाय की नाही ते तिथे बघू," मी म्हटले.

दवाखान्यातून म्हणाले, आत्ता आणा.

काकू गाडीत पुढे बसली, मांडीवर पिशवी धरून. चौकात गाडी थांबली.

"सिग्नल कुठला आहे?" तिने विचारले.

"लाल."

"मलाही लालच दिसतो," ती म्हणाली. "जरा चेपलेला आहे, पण लाल आहे."